तापी तुफानचा डावा कोपरा

फैजपूर,
६ मे २०२५

प्रेमराजभाऊंना जीवरामचा रामराम.

चाहत्यांच्या ग्रुपवर आपलं जुंपलं आणि ग्रुप चालवणाऱ्या झुलालनं त्याला कुलूपच घातलं. आता तिथं एकटा तोच बोलतो, आपण नुसतं वाचायचं. दोन व्याही शेकडो माणसांसमोर एकमेकांची अक्कल काढतात, याची आमच्या कमलबाईला फार लाज वाटली. फोन करावा तर तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि अख्खं घर ऐकतं. म्हणून पोस्टात जाऊन हे पाकीट आणलं. पत्र फक्त तुम्ही वाचा.

मुद्दा तोच. गेल्या हंगामात कबड्डी लीगमध्ये आपली तापी तुफान शेवटच्या नंबरावर राहिली, म्हणून ड्राफ्टमध्ये खेळाडू उचलायची पहिली पाळी आपली. असा योग पुन्हा यायचा नाही आणि येऊही नये. मालकांनी धुळ्याच्या आणि जळगावच्या, दोन्ही चाहता मंडळांना नाव विचारलंय. दोघांचं एकच नाव आलं तर पहिल्या पाळीला तोच खेळाडू. वेगळं आलं तर प्रशिक्षक ठरवणार, आणि त्यांच्या मनात नवीन आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे.

माझं म्हणणं ऐका. आपल्याला चढाईपटू हवा. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद. त्या तिसऱ्या चढाईला आपल्याकडून कोण जायचं? जो जाईल तो पाहुण्यासारखा जायचा आणि तिकडेच बसायचा. पहूरचा जितेंद्र घ्या. अंगानं दणकट, वय कोवळं, आणि शिरला की दोघातिघांना ओढत रेषेवर आणतो. डावा कोपरा सांभाळणारे गडी शेवटच्या फेरीतसुद्धा मिळतात.

नवीन आमचा जावई आहे म्हणून मी त्याच्या विरुद्ध बोलू नये, असं तुम्ही म्हणाल. पण संघ म्हणजे काही घरातलं लग्न नाही, भाऊ.

मयुरी आखाजीच्या सणाला माहेरी येऊन गेली. पोचली असेलच. विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा,
जीवराम


धुळे,
१४ मे २०२५

जीवरामआबांना सप्रेम रामराम.

पत्र मिळालं. अक्षर अजून मोत्यासारखं आहे, मजकूर मात्र नेहमीसारखाच जळगावचा. पहूर तुमच्या जिल्ह्यात, म्हणून जितेंद्र थोर. तो आमच्या साक्रीचा असता तर तुम्ही त्याला बैल म्हणाला असता.

आता माझं ऐका. आपण हरलो ते चढाईमुळे नाही. नवीन पाच सामने बाहेर बसला आणि डाव्या कोपऱ्याचं दार सताड उघडं पडलं, म्हणून हरलो. कोणीही यावं, बोनस घ्यावा, वाटेत कोपऱ्याला हात लावून जावं! नवीन होता तोवर चढाईपटू त्या बाजूला पाय टाकायला कचरत होते. घोट्याची अशी पकड उभ्या खान्देशात दुसऱ्या कोणाची दाखवा, मी मिशी काढतो. शिवाय तो आपला. लीगमध्ये इथल्या मातीतले किती उरलेत? वर्षभराचे करार संपले, सगळे पुन्हा ड्राफ्टमध्ये गेले. पहिल्याच पाळीला आपण त्याला घेतलं नाही तर लोक काय म्हणतील?

घोटा आता ठणठणीत आहे. रोज पहाटे पांझरेच्या काठानं पळतो, घोड्यासारखा. अठ्ठाविसावं लागलं म्हणून काय झालं, कोपऱ्याचा गडी मुरतो तसा पिकतो.

माझी आग्रहाची विनंती आहे, की तुमच्या मंडळाला समजवा. जावयासाठी नका करू, संघासाठी करा.

ही म्हणते, "भांडानं व्हई ते कागदवरच भांडा, बठ्ठा गावले कसाले आयकाडतस?" गावाला ऐकवू नका, हेच कमलबाईंचंही म्हणणं. बायकांचं बरंच जमलेलं दिसतं.

आपला,
प्रेमराज


फैजपूर,
२२ मे २०२५

प्रेमराजभाऊ, रामराम.

तुम्ही दार सताड उघडं म्हणता, पण नवीन खेळत होता तेव्हाही ते अर्धं उघडंच होतं. राग मानू नका. त्याचे शेवटचे सामने मी मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहिले. गडी खाली झेपावतो ते वेळेवर, पण धरल्यावर त्याचा उजवा हात सुटतो. बोटांत जोर राहत नाही. डाव्या हातानं घोटा आणि उजव्यानं हवा! अशा कोपऱ्यावर पहिली पाळी कोण घालवेल? बाहेरच्या पाच संघांना विचारा. फुकट दिला तरी त्याला कोणी घेणार नाही.

फार लिहिलं का? लिहितो, कारण तुम्ही ऐकत नाही.

दुसरं असं, की खेळ हा जन्माला पुरत नाही. आमच्या इथं केळी पिकवण्याची खोली एकाच्या भागीत चालू करतोय. विश्वासाचा माणूस हवा. नवीनला यंदापासूनच पाठवलंत तर पोरीचंही माहेर जवळ होईल. त्याला कमीपणा वाटणार नाही अशा रीतीनं तुम्हीच सुचवा. मी सुचवलं तर बरं दिसणार नाही.

आमच्या मंडळाचं नाव ठरलं, जितेंद्र. आता तुमच्याकडून तेच आलं पाहिजे. ही संघाचीच गोष्ट आहे असं समजा आणि एवढं माझं ऐका.

जीवराम


धुळे,
३० मे २०२५

श्री. जीवराम यांस,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. ज्याच्या पायांवर तुम्ही पाणी घातलंत, त्याला फुकट दिला तरी कोणी घेणार नाही, असं लिहिताना हात कसा चालला? लग्नात वरात एरंडोलला थांबली आणि आम्ही सगळे चहाच्या टपरीवर सामना बघत बसलो, मुहूर्त टळायला आला, तो राग अजून पोटात आहे म्हणा की सरळ! नवरदेवही आमच्यात होता हे कबूल. पण त्याची शिक्षा त्याची भाकरी काढून घ्यायची नसते. आणि वर केळीच्या खोलीवर नोकरी! माझा मुलगा घरजावई व्हायला तयार नाही.

हे सगळं लिहून पत्र पाकिटात घातलं होतं. पुन्हा बाहेर काढलं.

आबा, नवीनच्या उजव्या हाताचं तुम्हाला कोणी सांगितलं?

आम्ही सगळ्यांना घोटाच सांगितला. संघाला, मंडळाला, सख्ख्या भावांना. मोबाईलवर सामना पाहून बोटांतला जोर कोणाला दिसत नाही. मला स्टेडियमात पहिल्या रांगेत बसून दिसला नव्हता. तुम्हाला काय माहीत आहे ते कृपा करून स्पष्ट लिहा.

प्रेमराज


फैजपूर,
४ जून २०२५

प्रेमराजभाऊ,

आखाजीला मयुरी आली तेव्हा झोक्यावर बसलीच नाही. दरवर्षी आधी झोका, मग घर. यंदा सगळ्या पोरी गाणी म्हणत होत्या आणि ही आत आईजवळ बसून रडत होती. नवीनच्या मानेत मणक्यामधली गादी सरकलीय. एका पकडीत समोरच्याचा गुडघा मानेवर बसला, तेव्हापासून उजवा हात बधिर होतो. कधी जेवताना घास हातातून पडतो. डॉक्टरांनी सांगितलंय की आणखी एक असा फटका बसला तर गळ्याखालचं अंग हलणार नाही. आणि त्यानं तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातलीय, की कोणालाच कळता कामा नये. तिनं आईला शपथ घातली. कमलबाई मला सांगताना म्हणाली, "तुम्ही तिकडे बोलसान तर पोरीचा संसार मोडेल, सांगून ठेवते."

मी काय करायचं होतं? मुलीच्या बापानं व्याह्याला कळवायचं, की तुमच्या मुलाच्या अंगात खोट आहे? तुम्ही म्हणाला असता, मुलीकडचे तक्रार करतायत. आमच्यात जावयाच्या तब्येतीचं मुलीकडचे काढत नाहीत, तुमच्यातही नाहीत. म्हणून विचार केला, निवडच होऊ दिली नाही तर तो आपोआप घरी बसेल, शपथही मोडणार नाही आणि कोणाचं मनही दुखावणार नाही. जितेंद्रची एवढी वाहवा केली ती त्यासाठी. खरं सांगू? डाव्या कोपऱ्यावर नवीनसारखा गडी मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही.

मला फार भीती वाटते, भाऊ. पोरीचं वय काय आहे!

तुम्हाला हे माहीत नसेल असं धरून चाललो होतो. धक्का बसला असेल तर क्षमा करा.

जीवराम


धुळे,
११ जून २०२५

आबा,

मला माहीत होतं. त्याला दवाखान्यात मीच नेलं होतं. डॉक्टरांनी मानेचा फोटो उजेडाला धरला तेव्हा मी शेजारी उभा होतो.

तुम्हाला कळू नये म्हणून मी धडपडत होतो. तुमची मुलगी आमच्या घरात, आणि तिच्या नशिबात आम्ही हे वाढून ठेवलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून घोटा, म्हणून घोडा. तुम्ही जितेंद्रचे गोडवे गात होतात आणि मी नवीनचे, आणि दोघांच्याही मनात एकच मान. हसू येतं आणि लगेच रडू येतं.

तुम्ही विचाराल, माहीत असून बापानं मुलाला पुढे का ढकललं? तो माझ्यापाशी बसून म्हणाला, "नाना, एकच हंगाम. असा शेवट नको. घोटा मुरगळला म्हणून बाकावर बसलेला गडी, एवढीच आठवण राहील माझी." दहा वर्षांचा होता तेव्हा अंगणात चुन्यानं रेषा मीच आखून दिल्या होत्या. मला नाही म्हणता आलं नाही. एक हंगाम देवाच्या भरवशावर निघून जाईल असं वाटलं. तुमचं पत्र वाचल्यावर तसं वाटेनासं झालं.

काल मंडळाची बैठक झाली. मी उभा राहून जितेंद्रचं नाव सुचवलं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. तुमचेच मुद्दे मांडले, रिकाम्या चढाया, तिसरी चढाई, सगळं. ठराव झाला. दोन्ही मंडळांचं एकच नाव जाणार.

नवीनला अजून ठाऊक नाही. प्रशिक्षकांनी त्याला शब्द दिल्यासारखं केलं होतं, त्यामुळे तो निश्चिंत आहे. पण इतर संघांचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. अर्धा हंगाम बाहेर बसलेला, अठ्ठावीस वर्षांचा कोपरा कोण घेतो? चार दिवस रुसेल, मग केळीच्या खोलीचं मी काढीन.

तुमचा,
प्रेमराज


फैजपूर,
२८ जून २०२५

प्रेमराजभाऊ,

काय करून बसलो आपण!

ड्राफ्ट मी इथं मंडळाच्या पोरांबरोबर पाहिला. पहिली पाळी, जितेंद्र. पोरांनी फटाके लावले, मला पेढा भरवला. दुसरी फेरी गेली, नवीनचं नाव नाही. मनातल्या मनात मुक्ताईला हात जोडले. तिसऱ्या फेरीत पन्हाळा पँथर्सनं त्याचं नाव घेतलं आणि पेढा माझ्या घशातच राहिला.

सगळं आयुष्य आपण हेच करत आलो ना? कोणी कोणाला उचलेल, कोणाच्या पाळीला कोण उरेल, यावर रात्रंदिवस तोंडाची वाफ दवडली. आणि आपल्याच मुलाच्या वेळी एवढं साधं कळलं नाही, की आपण सोडलेला गडी शेजारचा उचलतो. त्याला कोणी घेणार नाही, हे मी तुम्हाला पटवायला लिहिलं होतं. लिहिता लिहिता मलाही पटलं. कोल्हापूरच्या त्या लोकांनी माझी पत्रं थोडीच वाचली होती! त्यांनी त्याची घोट्याची पकड पाहिली.

आपल्या संघात असता तर निदान तुम्ही पहिल्या रांगेत असता. प्रशिक्षक ओळखीचे, कधीही कानावर घालता आलं असतं. आता तिकडे त्याची मान कोणाला ठाऊक?

मयुरीचा फोन लागत नाही. तिकडचं काय ते लगेच कळवा. फोनच करा, लाज सोडा.

जीवराम


धुळे,
५ जुलै २०२५

आबा,

फोन केला होता, तुमचा आवाज ऐकून ठेवून दिला. लिहितोच.

नवीन गेला. जाण्याआधी त्याला झुलालकडून कळलं, की जितेंद्रचं नाव त्याच्या बापानं सुचवलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. पिशवी भरता भरता म्हणाला, "परक्यांना माझी किंमत कळली, नाना." आईच्या पाया पडला, माझ्या नाही. मयुरी दारात उभी होती, तिच्याकडेही पाहिलं नाही. आपल्याच बायकोनं माहेरी सांगितलं असावं, हे त्यानं ओळखलंय. ती तेव्हापासून बोलत नाही, कामं करत राहते. फोन तिनं बंद करून ठेवलाय. तुमच्याशी काय बोलावं ते तिला सुचत नाही.

वेळापत्रक पाहिलंत का? पन्हाळ्याचा पहिलाच सामना आपल्याशी आहे, जळगावला, दोन ऑगस्टला. जितेंद्र चढाईला ज्या बाजूनं शिरतो, तिथंच नवीन उभा असणार. दोघातिघांना ओढत नेणारा म्हणून आपण निवडलेला गडी, आबा. त्याचा गुडघा आणि माझ्या मुलाची मान. आपल्या दोघांच्या सहीनं.

मंडळाची पोरं पहिल्या रांगेची तिकिटं घेऊन आली होती. मी ताप आलाय असं सांगितलं.

प्रेमराज


फैजपूर,
९ जुलै २०२५

प्रेमराजभाऊ,

रडणं पुरे. पत्र पोचेल त्या दिवशी सामान बांधा. रविवारी सकाळच्या गाडीनं मी धुळ्याला येतो, तिथून दोघं कोल्हापूरला जाऊ. त्यांच्या प्रशिक्षकांना आणि डॉक्टरांना भेटायचं आणि जे आहे ते सांगायचं.

बोलणार मी. तुम्ही फक्त सोबत या. नव्हे, बाहेरच थांबा. नवीनचा राग सासऱ्यावर निघू द्या. सासऱ्यावर जन्मभर रुसलं तरी जावयाचं काही बिघडत नाही, उलट शोभतं. बापाशी अबोला धरून त्याला जगता येणार नाही. शपथ मोडल्याचं पापही माझ्याच माथी. पोरीला सांगा, तुझ्या बापानं मोडली, तू नाहीस.

कमलबाई मला अडवेल असं वाटलं होतं. तिनं दशम्या बांधायला घेतल्यात.

जीवराम


धुळे,
४ ऑगस्ट २०२५

जीवरामआबांना प्रेमराजचा साष्टांग नमस्कार.

वयानं तुम्ही थोडेच मोठे, आणि मी मुलाकडचा. तरी हा नमस्कार पाठवतो, तो ठेवून घ्या.

कोल्हापूरहून आल्यापासून लिहायचं होतं. त्या दिवशी तुम्ही मला बाहेरच्या बाकावर बसवलंत आणि आत गेलात. काचेतून दिसत होतं, तुम्ही हात जोडून बोलत होतात आणि त्या परक्या माणसाला काही कळत नव्हतं. मग मला राहवलं नाही. मुलगा माझा, फोटो मी पाहिलेला, आणि मी बाहेर बसून काय राखत होतो? आत येऊन मी बोललो ते तुम्हाला आवडलं नाही, परतीच्या गाडीत तुम्ही जळगावकरांना शोभेल इतके रागावलात. पण ते मीच बोलायला हवं होतं. त्यांच्या डॉक्टरांनी नवीनला बोलावून मानेवर बोटं ठेवली, उजव्या हातानं त्यांचा हात दाबायला सांगितलं, आणि नवीननं आपल्या दोघांकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरू शकत नाही. तुम्हीही विसरला नसाल.

तो घरी आलाय. शेकायला आणि व्यायामाला मयुरी घेऊन जाते, तिच्याशी थोडं थोडं बोलतो. माझ्याशी नाही. जेवायला एका पंगतीला बसतो, एवढंच. तुमच्या केळीच्या खोलीचा विषय मी काढलेला नाही, तुम्हीही इतक्यात काढू नका.

परवा सामना होता. मी टीव्ही लावणार नव्हतो. त्यानंच येऊन लावला आणि खाली सतरंजीवर बसला. ही आणि मयुरी आतून डोकावून गेल्या. मी मागं खुर्चीत होतो. पन्हाळ्याच्या डाव्या कोपऱ्यावर कोणी नवखा पोरगा उभा केला होता. जितेंद्र आला की तो मागं सरे. जितेंद्रनं त्याला तीनदा बाद केलं. आपण जिंकलो आबा, हंगामातला पहिलाच सामना जिंकलो. बाहेर गल्लीत पोरं ओरडत होती, मला हाका मारत होती. मी उठलो नाही.

सामन्यातल्या चढाया पुन्हा दाखवत होते, नवीन पडद्याकडेच बघत होता. मग मागं न वळता बोलला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, "हा वळायच्या आधी डावा पाय टेकतो, नाना. मी धरला असता."

पुढच्या चढाईला मी नीट पाहिलं. वळायच्या आधी तो डावा पाय टेकतो.

त्यानं धरला असता, आबा.

प्रेमराज